सोबत कोणी आहे का?

आमच्या घरात मांजर आडवं गेलं तर आम्ही आधी मांजराला जाऊ देतो आणि मग आपल्या वाटेने चालू लागतो. अमावास्येला नवी चप्पल घालणारं घर आमचं. त्यात मी दातांची डॉक्टर. तोंडात आरसा घालून जे दिसतं त्यावर माझा विश्वास, बाकी कशावर नाही. या सदरातले गूढ अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि बरेचदा हसते, हेही सांगून टाकते. तरी आज स्वतःच लिहायला बसले आहे. कारण माझ्या लेकीने क्लिनिकमध्ये एक नवीन सॉफ्टवेअर आणलंय, आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

गोष्ट ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची. ठाण्यात नौपाड्यात, स्टेशनपासून चालत येता येईल अशा गल्लीत, एका औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्याला माझं क्लिनिक. बाहेरच्या खोलीत दोन बाकं, आतल्या खोलीत खुर्ची. राहायला आम्ही वर्तकनगरला. दुपारची जेवणं आटोपली की माझ्या सासूबाई माझ्याबरोबर रिक्षात बसायच्या आणि क्लिनिकला यायच्या. मी त्यांना आईच म्हणायचे, इथेही तसंच लिहिते. आई मूळच्या कऱ्हाडकडच्या. ठाण्यात हयात गेली, पण बोलणं गावचंच राहिलं.

आपल्याकडे दातांच्या डॉक्टरकडे एकटं कोणी येत नाही. नवऱ्याची दाढ दुखत असली तर बायको येते, मेव्हणा येतो, शेजारचे काका उगाचच येतात. आणि जो बिचारा खरोखर एकटा यायचा, त्याच्या सोबतीला आई उभ्या राहायच्या. खुर्चीच्या डाव्या बाजूला स्टूल घेऊन बसायच्या आणि पेशंटचा हात हातात घ्यायच्या. चांगले मिशीवाले, पोट सुटलेले गृहस्थ इंजेक्शन बघून आईंचा हात घट्ट धरायचे. "काय न्हाई, मुंगी चावल्यावानी हुतंय," एवढंच त्या बोलायच्या, तेही तोंडाला पदर लावून. माणसांसमोर पदराशिवाय त्या कधी हसल्यासुद्धा नाहीत. मला ती त्यांच्या पिढीची रीत वाटायची.

आता कॉम्प्युटरचं. माझे धाकटे दीर, शेखर भाऊजी, डोंबिवलीला राहायचे आणि कॉम्प्युटरच्या मागे वेडे झाले होते. त्यांनी एक जुनं मशीन कुठून तरी आणून माझ्या क्लिनिकमध्ये बसवलं. काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं. त्यावर त्यांनी स्वतः एक प्रोग्राम लिहिला. त्याला तेव्हा एक्स्पर्ट सिस्टीम म्हणायचे, आजच्या एआयची खापरपणजीच म्हणा ना. मशीन एकेक प्रश्न विचारणार, आपण हो किंवा नाही एवढं बटण दाबायचं, आणि शेवटी ते सांगणार — कीड आहे, हिरडीचा त्रास आहे, की अक्कलदाढ. प्रश्न आणि नियम सगळे माझे. कित्येक रविवार मी सांगत गेले आणि भाऊजी टाईप करत गेले. मला वाचून दाखवायला सोपं म्हणून प्रश्न मराठीत होते, पण इंग्रजी अक्षरांत. त्यातला शब्द न् शब्द मला पाठ होता, कारण तो माझाच होता. हे लक्षात असू द्या.

खरं सांगायचं तर त्या यंत्राची मला काडीची गरज नव्हती. पण लोकांना भारी कौतुक. आई त्याला 'तो' म्हणायच्या. "आधी त्याला इचार, मग तुझी पक्कड काढ," असं म्हणून माझी खेचायच्या.

एके दिवशी गोगटे म्हणून एक काका आले होते. एकटेच. आईंनी स्टूल ओढलं, काकांचा हात धरला. मी नेहमीचे प्रश्न वाचत गेले... गार लागतं का, चावताना दुखतं का, आणखी काही त्रास? हा शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर दिलं की निदान यायचं.

निदान आलं नाही. हिरव्या अक्षरांत एक नवीन ओळ आली.

"सोबत कोणी आहे का?"

मला वाटलं, भाऊजींनी काहीतरी नवीन घातलेलं दिसतंय. मी हो दाबलं.

"सोबतच्या व्यक्तीला तिखट झोंबतं का?"

मी हसत हसत मोठ्याने वाचलं. गोगटे काकाही हसले. म्हणाले, "आजीबाई, तुमची पण तपासणी आहे वाटतं आज."

"मला?" आई पदराआडून म्हणाल्या. "काय न्हाई गं."

मी 'नाही'चं बटण दाबलं. खाली आलं, "परत विचारा." आणि मग, जणू काही झालंच नाही अशा थाटात, काकांच्या वरच्या दाढेचं निदान. अगदी बरोबर.

संध्याकाळी भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, मी महिनाभर त्या प्रोग्रामला हात लावलेला नाही. सोबतच्या माणसाचा काय संबंध? तुम्ही भलतंच काहीतरी वाचलं असेल." मी चिडले. चष्मा नव्हता लागला तेव्हा मला.

त्यानंतरच्या दिवसांत हे आणखी दोनदा झालं. एक कॉलेजची मुलगी होती आणि एक शिक्षिका. दोघी एकट्या आलेल्या, दोघींचा हात आईंच्या हातात. मी वाचून दाखवायचं सोडून दिलं. गुपचूप 'नाही' दाबायचे, गुपचूप 'परत विचारा' वाचायचे. आणि ज्या पेशंटबरोबर घरचं माणूस यायचं, म्हणजे आई बाहेरच्या बाकावर बसायच्या, तेव्हा तो प्रश्न यायचाच नाही. सोबतीला बायको बसलेली असली तरी नाही. हे माझ्या ध्यानात आलं. त्या मशीनला ना डोळा होता ना कान. खोलीत कोण बसलंय हे त्याला कुठून कळणार?

नवरात्रातल्या रविवारी भाऊजी आले. आई टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेल्या होत्या, तिथून परस्पर क्लिनिकला येणार होत्या. भाऊजींनी अख्खा प्रोग्राम वरपासून खालपर्यंत बघितला. 'सोबत' हा शब्दच त्यात नव्हता. मग एक खोटा पेशंट धरून त्यांनी प्रोग्राम चालवला. एकदा, दोनदा, पाच वेळा. निदान येत राहिलं.

"व्हायरस असेल," ते म्हणाले. "एखाद्या फ्लॉपीतून आला असेल. पण व्हायरस मराठीत बोलतो हे पहिल्यांदा ऐकतोय."

तेवढ्यात आई जिना चढून आल्या. कपाळाला कुंकू, हातात प्रसादाची पुडी. दमल्या होत्या, म्हणून सवयीने आपल्या स्टुलावर टेकल्या. भाऊजींचा सहावा खोटा पेशंट चालू होता. शेवटचा प्रश्न झाला.

"सोबत कोणी आहे का?"

भाऊजींचं बोट बटणावरच राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी हो दाबलं.

"तिला मशेरीची सवय आहे का?"

मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. आमच्याकडच्या जुन्या बायका सकाळी बोटाने दातांना लावायच्या. आई पूर्वी लावायच्या हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण मी सून होऊन आले आणि त्यांनी ती सोडली. डॉक्टरीणबाईंच्या घरात मशेरी शोभत नाही, असं त्या चारचौघांत अभिमानाने सांगायच्या. मी प्रोग्राममध्ये पेशंटसाठी तंबाखूचा प्रश्न घातला होता, मशेरी हा शब्द कधीच घातला नव्हता. आणि ती बाई आहे हे त्याला कोणी सांगितलं होतं?

भाऊजींना आडवळण जमत नाही. त्यांनी सरळ विचारलं, "आई, तू अजून मशेरी लावतेस?"

"सोडली की कवाची."

भाऊजींनी 'नाही' दाबलं.

"परत विचारा." त्याखाली पुन्हा, "परत विचारा." मग ओळीमागून ओळ तेच, स्क्रीन भरेपर्यंत. भाऊजींनी उठून मेन स्विच बंद केला.

आईंना इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. "काय म्हणतुया तो?" त्यांनी विचारलं. त्यांनी प्रसादाची पुडी सोडली आणि आमच्या हातावर खोबरं ठेवलं.

मी घाबरले होते. मशीनला घाबरले होते का? थोडीफार. पण खरी भीती वेगळीच होती. त्या दिवसापासून मी जेवताना आईंच्या ताटाकडे बघायला लागले. मिरचीचा ठेचा त्यांचा जीव की प्राण, तो त्यांनी वाढून घेणं कधी बंद केलं होतं? उसळीतला रस्सा बाजूला काढून त्या दाणे पाण्यात बुडवून खात होत्या. भाकरी दह्यात कुस्करून डाव्या गालाने चावत होत्या.

"आई, तिखट जास्त झालंय का?"

"न्हाई गं. वय झालं आता. पोटाला सोसत न्हाई."

पोटाला. मी रोज लोकांना हेच प्रश्न विचारते, रोज असलीच उत्तरं ऐकते, आणि खोटं कोणतं ते मला चेहऱ्यावरून कळतं. पण सासूला कसं म्हणणार, आ करा म्हणून? पूर्वी एकदोनदा म्हणून बघितलं होतं. "सुनेम्होरं त्वांड वासून बसू व्हय?" म्हणून त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. आणि समजा तोंड उघडलंच आणि आत काही निघालंच तर? मशीनने सांगितलेलं खरं निघण्यापेक्षा मला वेड लागलंय असं निघालं तर बरं, असं मला मनापासून वाटत होतं.

तीन-चार दिवस असे काढले. मग एका दुपारी पेशंट यायच्या आधी मी क्लिनिकचं बाहेरचं दार लावून घेतलं. कॉम्प्युटर बंदच ठेवला होता.

"आई, खुर्चीत बसा."

"कुणाला? मला? काय न्हाई झालेलं."

"मग दाखवायला काय हरकत आहे?"

"उज्ज्वला, आगं..."

"परत विचारतेय, आई. मशेरी लावता का?"

'परत विचारतेय' हे मी मुद्दाम म्हटलं नव्हतं, तोंडून निघून गेलं. आई खुर्चीत चढून बसल्या, दोन्ही पाय जवळ घेऊन, लहान मुलीसारख्या.

"तू दिलेली दंतमंजनाची डबी हाय न्हवं," त्या म्हणाल्या, "त्यातच असती. पांढरं मंजन कवाच वतून टाकलं. सुटंना गं ती. लोक काय म्हणतील, डॉक्टरनीची सासू मशेरी लावती. तुझ्या नावाला बट्टा नको म्हून..."

"दुखतं का?"

"आधी झोंबायचं. आता दुकतं."

त्यांनी पदर बाजूला केला आणि तोंड उघडलं. उजव्या बाजूला, खालच्या दाढांच्या बाहेर, गालाच्या आत. पांढरा चट्टा आणि त्याच्या मधोमध कडा वर आलेली जखम. मी आरसा ट्रेमध्ये ठेवला. पुस्तकातल्या फोटोत बघितलेलं ते माझ्या घरच्या माणसाच्या तोंडात होतं. रडू आलं आणि मी रडले. आईंनीच माझा हात धरला. "काय न्हाई," म्हणाल्या, "मुंगी चावल्यावानी बी न्हाई."

पुढचं थोडक्यात सांगते. मुंबईच्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासला, कॅन्सरच निघाला. जबड्याचा आणि गालाचा भाग काढावा लागला. सर्जन म्हणाले की वेळेवर आणलंत, आणखी काही महिने गेले असते तर हात टेकले असते. मला विचारलं, लक्षात कसं आलं? मी म्हणाले, जेवताना बघितलं. दुसरं काय सांगणार होते त्यांना? भाऊजी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून ढसाढसा रडले. ते रडणं बघितल्यावर, त्यांनीच मुद्दाम प्रोग्राममध्ये काही घातलं असेल ही माझी उरलीसुरली शंका गेली. आई अजून मशेरी लावतात हे माझ्यासारखंच त्यांनाही माहीत नव्हतं.

आई बऱ्या झाल्या. गाल आत गेला, बोलणं जड झालं, पण बऱ्या झाल्या. वर्षभराने पुन्हा क्लिनिकला यायला लागल्या. मशीनवर मी चादर टाकून ठेवली होती. एके दिवशी आईंनीच ती काढली आणि स्वतःहून खुर्चीत जाऊन बसल्या.

"त्याला इचार, मी बरी हाय का म्हून. त्यानंच वाचिवलं मला."

भाऊजींनी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांना त्यात भीतीदायक काही वाटलंच नव्हतं. नाही म्हणवेना. मशीन लावलं. या वेळी आई पेशंट होत्या, मी वाचत होते, त्या मान हलवत होत्या. गार लागतं का... चावताना दुखतं का... आणखी काही त्रास?

"सोबत कोणी आहे का?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. आईंचं स्टूल रिकामं होतं. पेशंट त्या, म्हणजे सोबत कोण? हे माझ्या डोक्यात उतरेपर्यंत बोटाने सवयीने हो दाबलं होतं. खालची ओळ उमटायला लागली. "सोबतच्या..." एवढं दिसलं आणि मी वाकून भिंतीतला प्लगच उपटला.

अक्षरं विझली. आई खुर्चीतून माझ्याकडे बघत होत्या.

"काय इचारलं गं त्यानं?"

"काही नाही, आई."

आईंनी पदर सावरला नाही. वाकड्या झालेल्या तोंडाने तशाच म्हणाल्या, "मी बी असंच म्हणायची."

मग त्या खाली उतरल्या, मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि पहिला पेशंट येईपर्यंत माझा हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी मला स्वतः रिक्षात घालून माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीकडे घेऊन गेल्या. तिने तोंड तपासलं, मग रक्त, छाती, सगळंच. काही नव्हतं. दर वर्षी तपासून घेते, आजतागायत काही निघालेलं नाही. घरचे म्हणतात, मग आनंद मान की. त्यांना कसं सांगू, की रिपोर्ट चांगला आला की मला जास्त धास्ती वाटते. ज्याचं उत्तर मी दर वर्षी शोधते तो प्रश्नच मला ठाऊक नाही. तो आजाराबद्दल होता की आणखी कशाबद्दल?

मशीन भाऊजी डोंबिवलीला घेऊन गेले. तिथे त्यांनी आईंना समोर बसवून पुष्कळदा प्रोग्राम चालवला, पण त्याने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. पुढे ते भंगारात गेलं. आई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या आणि वयानेच गेल्या. तिखटाशिवाय जेवण म्हणजे शिक्षा, असं म्हणत म्हणत. भाऊजी आता निवृत्त झालेत, त्यांनाही आजवर याचा उलगडा झालेला नाही. व्हायरस म्हणायचं तर त्याला मशेरी कुठून ठाऊक? माझ्याच मनाचे खेळ म्हणायचे तर भाऊजींनी काय वाचलं? आणि आईंची कुळदेवी म्हणायची तर माझी तेवढी तयारी नाही.

आता लेक क्लिनिक बघते. एआयचं सॉफ्टवेअर आणलंय. एक्स-रे टाकला की ते कीड असलेल्या जागी लाल चौकट काढतं, पेशंटची माहिती विचारतं. झकास आहे म्हणतात. मी पेशंट बघणं सोडलं, पण दुपारी तिच्याबरोबर रिक्षात बसते आणि क्लिनिकला जाते. कोणी एकटं आलेलं असलं की आईंचंच स्टूल ओढून डाव्या बाजूला बसते आणि हात धरते. लेक परवा म्हणाली, "आई, तू नेहमी अशी तिरकी का बसतेस? मान अवघडेल." मी म्हटलं, काही नाही गं.

पेशंटचा चेहरा नीट दिसेल अशी बसते मी. स्क्रीनकडे पाठ करून.